मृगाआधीची शेती

माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात वाढला. गंधवानीजवळची आमची पाच-सहा एकर शेती पुढे त्यानेच बघायची असं घरात ठरलंय, आणि तोही मनापासून तयार आहे. वैशाखात तो आला, शेताला एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मामी, आत्ता इथे करण्यासारखं आहे काय? सगळं तर वाळून गेलंय." उभ्या उभ्या सांगून संपेना, म्हणून त्याच्यासाठी लिहायला बसले. लिहिता लिहिता वाटलं, हे इतरांच्याही उपयोगी पडेल.

धार म्हटलं की मराठी माणसाला पवारांचं संस्थान आठवतं, १७७५ साली दुसरा बाजीराव जिथे जन्मला तो किल्ला आठवतो. पण जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला विंध्याचा घाट उतरला की संस्थानी धार मागे राहतं. माळव्याचं पठार संपतं, नर्मदेकडे उतरत जाणारा निमाड सुरू होतो. टेकड्या, ताडाची झाडं, मोह, पळस आणि भिल्ल-भिलालांचे विखुरलेले फळे. फळा म्हणजे वस्ती. गंधवानी याच उतारावर आहे. माझं माहेर चोपड्याचं, त्यामुळे कपाशी आणि ऊन मला नवीन नव्हतं. तरी इथली जमीन मला पुन्हा शिकावी लागली. सासऱ्यांकडून थोडी शिकले, शेजारच्या भिलाला काकांकडून बरीच.

अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंतचा हा काळ लोकांना रिकामा वाटतो. माझं मत ठाम आहे: खरिपाचं निम्मं पीक पाऊस पडायच्या आधी, याच दिवसांत ठरतं.

१. बांधाचं काम उन्हातच उरकावं

पाऊस सुरू झाला की आठवड्यात गवत वाढतं आणि बांध झाकला जातो. पुढे पीक उभं राहतं, मग कोणाच्याही शेतात पाय टाकणं म्हणजे नुकसान. आत्ता शेत उघडं आहे. कुठे बांध फुटला होता, पाणी कुठून घुसलं, माती वाहून कोणत्या कोपऱ्यात साचली, हे जमिनीवर स्पष्ट दिसतं. सकाळी ऊन चढायच्या आत बांधाने एक पूर्ण फेरी मारायची, फुटलेल्या जागी दगड ठेवून खूण करायची आणि मग त्या जागा आधी दगडाने, वरून मातीने भरायच्या. नुसती माती टाकली तर पहिल्याच वळवाला वाहून जाते.

हद्दीचा प्रश्न असेल तर तोही आत्ताच. सीमांकनाचा अर्ज तहसिलीत आधीच गेलेला असला पाहिजे. पटवारी आणि राजस्व निरीक्षक मोजणीला येतील त्या दिवशी दोन्ही बाजूंचे शेजारी हजर हवेत, एखादं जुनं माणूस हवं, आणि मोजणी झाल्यावर सगळ्यांनी एकत्र चहा प्यायला हवा. हा चहा मी कामाचा भाग मानते. कागदावरची रेघ पुढच्या पिढीपर्यंत टिकते, पण ती रोज पाळायची असते शेजाऱ्यानेच.

इकडे हद्दीला देव असतो. बाघजवळ पाडल्या नावाचं गाव आहे. तिथले शेतकरी शेतात सापडणारे गोल दगड पिढ्यान्‌पिढ्या काकड भैरव म्हणून पूजत आले. हा भैरव शेताची आणि गुरांची राखण करतो, अशी श्रद्धा. त्याला नारळ वाढवायचे. २०२३ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की हे गोटे डायनासोरची, टायटॅनोसॉर जातीची अंडी आहेत, दगड झालेली. त्याच वर्षी जानेवारीत दिल्ली विद्यापीठाच्या संशोधकांनी बाघ-कुक्षी भागात सापडलेल्या ९२ घरट्यांचा आणि २५६ अंड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. ही बातमी वाचून शहरातल्या बऱ्याच जणांना हसू आलं. मला मात्र त्या शेतकऱ्यांबद्दल आदर वाटला. नांगराला लागलेला वेगळा दगड त्यांनी फोडला नाही, फेकला नाही, बांधावर नेऊन बसवला आणि जपला. भाच्याला माझं सांगणं आहे, आपल्या शिवारात कोणाचाही मानाचा दगड दिसला तर तो हलवू नकोस, आणि नांगरताना काही गोल, जड, सालीसारखी कड असलेलं लागलं तर आधी थांब.

२. विहिरीचा तळ ज्येष्ठात बघावा

आपली विहीर खडकातली आहे. वर काळी माती, खाली मुरूम, मग भेगाळलेला मांजऱ्या आणि तळाला काळा पाषाण. पाणी येतं ते मुरुमातून आणि मांजऱ्याच्या भेगांतून. विहीर भरलेली असताना यातलं काही कळत नाही. ज्येष्ठात पाणी तळाला गेलं की भिंती बोलतात: कोणती भेग अजून ओली आहे, कुठे शेवाळ हिरवं आहे, कोणता झरा नुसताच पावसाळी होता. जिवंत झऱ्याला चुन्याची खूण करून ठेवावी. पुढे कधी आडवं बोअर मारायचं झालं तर तीच दिशा.

गाळही आत्ताच काढायचा. यारी लावणारे लोक या दिवसांत गावोगाव फिरत असतात, त्यांना चैत्रातच सांगून ठेवावं. विहिरीत माणूस उतरवण्याआधी पेटता कंदील सोडायचा. तो विझला तर कोणीही उतरायचं नाही. आणि आत डिझेल इंजिन चालवलं असेल तर त्या दिवशी विहिरीत पाय ठेवायचा नाही, कोणी कितीही घाई केली तरी. या धुराने निमाडात आणि खानदेशात धडधाकट माणसं गेली आहेत.

गाळ फेकू नये. तो वरच्या हलक्या तुकड्यात पसरावा.

पाण्याची गोष्ट निघाली की आमच्या तहसिलीत मान धरणाचं नाव येतंच. जीराबादला मान नदीवर ते बांधलं. त्याचं पाणी कालव्याने खालच्या शिवारांना मिळतं, गहू आणि कपाशी त्यावर उभी राहते, हे खरं आहे. आणि १७ गावांची जमीन त्या पाण्यासाठी गेली, त्यातली बहुतेक कुटुंबं आदिवासी होती, हेही तितकंच खरं आहे. २००२च्या मे-जूनमध्ये, म्हणजे अशाच दिवसांत, विस्थापित आणि नर्मदा बचाव आंदोलनाचे कार्यकर्ते भोपाळला उपोषणाला बसले. ते २९ दिवस चाललं. पाऊस सुरू झाला की पाणी चढणार आणि घरं बुडणार, हे त्यांना माहीत होतं. आपण ज्या पावसाची वाट बघतो त्याच पावसाची त्या उन्हाळ्यात त्यांना धास्ती होती. कालव्याचं पाणी वापरणाऱ्या प्रत्येकाला एवढं ठाऊक असावं, असं मला मनापासून वाटतं. पाणी जपून वापरायला मला दुसरं कारण लागत नाही.

३. पऱ्हाट्या शेताच्या कडेला रचू नयेत

कपाशी निघाल्यावर वाळलेल्या पऱ्हाट्या सरपणासाठी बांधावर रचून ठेवायची पद्धत माझ्या माहेरी होती, इथेही आहे. सरपण लागतं, हे मान्य. पण त्या पऱ्हाट्यांना राहिलेल्या किडक्या, अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी उन्हाळाभर पडून राहते आणि नवीन कपाशीला पात्या आल्या की तिथूनच पतंग निघतात. म्हणून पऱ्हाट्या उपटून लगेच हलवाव्यात. सरपणापुरत्या घराकडे नेताना बोंडं झोडून काढावीत आणि ती जाळून टाकावीत. बाकीच्या बारीक करून कंपोस्टच्या खड्ड्यात. पाणी असलेले शेतकरी इकडे मेच्या मध्यावरच ठिबकवर कपाशी लावतात. त्यांच्या बोंडांचा आणि आपल्या उशिराच्या बोंडांचा मेळ बसला की अळीला वर्षभर जेवण मिळतं. मी मृगाआधी कपाशी लावत नाही.

४. खत पिकलेलं हवं, आणि संध्याकाळी कडुनिंबाखाली उभं राहावं

उकिरड्यातलं खत हातात घेऊन चुरावं. काळं, भुसभुशीत, मातीचा वास असलेलं असेल तरच शेतात न्यावं. गरम लागलं, शेणाचा वास आला, पेंढ्या ओळखू आल्या तर ते राहू द्यावं. कच्च्या खतात हुमणी वाढते.

हुमणीचं दुसरं काम आभाळावर आहे. वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की तिचे भुंगेरे त्याच संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर या झाडांवर जमतात. दिवेलागणीनंतर झाडाखाली उभं राहिलं तर पानं कुरतडल्याचा बारीक आवाज सतत येतो. तपकिरी, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, फांदी हलवली की टपटप पडतात. खाली जुनी चादर अंथरायची, लांब काठीने फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे रॉकेल मिसळलेल्या पाण्याच्या बादलीत टाकायचे. आठ-साडेआठपर्यंत हे काम आटपतं. मादी जमिनीत अंडी घालायच्या आत ती सापडली पाहिजे, म्हणून पहिले तीन-चार दिवस महत्त्वाचे. एकट्याने करून उपयोग नाही. सगळ्या फळ्यांनी त्याच आठवड्यात केलं तर फरक पडतो. मुलांना याची फार गंमत वाटते, त्यांना बरोबर घ्यावं.

५. बियाणं गोणपाटावर तपासल्याशिवाय पेरू नये

सोयाबीनच्या बाबतीत हा माझा सगळ्यात पक्का नियम आहे. सोयाबीनचं साल फार पातळ असतं आणि त्याच्या लगेच खाली अंकुर असतो. पोतं उंचावरून आदळलं, मळणी यंत्र जोरात फिरलं, थप्पी उंच रचली, तर दाणा वरून धड दिसतो आणि आतून मेलेला असतो. दुकानदाराची खात्री, पिशवीवरची चिठ्ठी, ओळखीच्या माणसाचा शब्द, हे सगळं ऐकून घ्यावं आणि तरीही गोणपाट भिजवावं.

पद्धत अशी. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठ मूठ बी काढून एकत्र करायचं. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे. चांगले तेवढे वेचले तर तपासणीला अर्थ उरत नाही. गोणपाट भिजवून, पिळून, जमिनीवर पसरायचं. त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, दाण्यांमध्ये बोटभर अंतर ठेवायचं. वरून दुसरं ओलं गोणपाट घालायचं, सैल गुंडाळी करायची आणि सावलीत ठेवायची. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं, गच्च भिजवायचं नाही. चार-पाच दिवसांनी उलगडायचं. सरळ, जाड मूळ आलेले दाणे मोजायचे. वाकडे, फुगून कुजलेले, साल सुटलेले धरायचे नाहीत. सत्तर किंवा वर आले तर पेरायला हरकत नाही. त्याखाली असेल तर बियाण्याचं प्रमाण वाढवावं, फारच कमी असेल तर ते बी पेरूच नये. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचाही सल्ला सत्तर टक्क्यांचाच आहे. यासाठी लागतं काय, तर एक पोतं आणि आठवड्याची सवड. आणि सवड आत्ता आहे, मृगात नसते.

तपासणी झालेलं पोतं जमिनीवर ठेवायचं नाही, लाकडी फळ्यांवर ठेवायचं, आणि ट्रॅक्टरमधून उतरवताना दोघांनी धरून उतरवायचं. हे मी उभी राहून करून घेते.

कपाशीचं बी दर वर्षी विकतच घ्यावं लागतं. २०२५च्या हंगामात बीजी-२ कपाशीच्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची कमाल किंमत केंद्र सरकारने ९०१ रुपये ठरवली होती. त्याहून जास्त कोणी मागितले तर द्यायचे नाहीत, पक्की पावती घ्यायची, आणि रिकामं पाकीट पीक निघेपर्यंत सांभाळायचं. उगवण झाली नाही तर तक्रारीला तोच पुरावा.

मक्याचं तसं नाही. शेजारच्या काकांकडे गावठी पांढरा मका आहे. त्याची कणसं ते पानांसकट जुड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगतात. धुराने काळी पडलेली ती कणसं ज्येष्ठात खाली उतरतात. धुरामुळे त्यांना भुंगा लागत नाही. कणसाच्या टोकाकडचे आणि बुडाचे दाणे ते बियाण्याला घेत नाहीत, मधलेच घेतात. बाजारातला संकरित मका जास्त पिकतो, यात शंका नाही. पण भाकरीला आणि पळसाच्या पानांत भाजायच्या पानियांना हाच लागतो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी हाच काही ना काही हाती देतो. आम्ही एक तुकडा त्याच्यासाठी राखतो.

६. माणसं घरी आहेत तोवर त्यांच्याशी नीट बोलावं

दिवाळीनंतर इथले फळे अर्धे रिकामे होतात. नवरा-बायको, मोठी मुलं, कधी म्हातारीसुद्धा गुजरातेत जातात. राजकोट, जामनगर, मोरबीकडे. कोणी तिकडच्या शेतकऱ्याच्या शेतावर भागिया म्हणून राबतं आणि पिकाचा ठरलेला हिस्सा घेतं, कोणी बांधकामावर. होळीच्या भगोरियाला बरेच जण येऊन जातात, पण खऱ्या अर्थाने परततात ती उन्हाळ्याच्या शेवटी, लग्नांसाठी आणि स्वतःच्या पेरणीसाठी. बसच्या टपावर गाद्या, भांडी, कधी कोंबड्यासुद्धा. फळ्यात पुन्हा चुली पेटतात.

काही जण परततच नाहीत, किंवा परततात ते खोकत. गोध्रा-बालासिनोरकडच्या गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यांत काम करून आलेली झाबुआ, अलीराजपूर आणि धारची शेकडो माणसं सिलिकोसिसने गेली. वर्षानुवर्षं यावर न्यायालयात आणि मानवाधिकार आयोगापुढे भांडण चाललं. आपल्या शेतावर निंदणीला येणारी बाई तरुणपणी विधवा का झाली, हे विचारण्याआधी हे माहीत असावं.

या दिवसांत मजुराचा भाव ठरतो, तसंच वर्षभराचं नातंही ठरतं. माझ्या माहेरी खानदेशात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, संपतं आणि तिथूनच नवीन लागतं. त्या दिवशी हिशेब चोख करायचा, ही माझ्या वडिलांची शिस्त. मी तीच इथे पाळते. मागची कसलीही बाकी ठेवायची नाही. उचल द्यायची ती वहीत लिहून, त्यांच्यासमोर वाचून, त्यांच्या घरच्या शाळेत जाणाऱ्या मुलालाही वाचायला देऊन. मजुरी काठियावाडपेक्षा कमी देऊन माणसाने इथे थांबावं, ही अपेक्षाच चूक आहे. तेवढी देणं जमत नसेल तर धान्य, कडबा, सरपण यांत भरून काढावं.

लग्नाला बोलावणं आलं तर जायचं. इकडे नोतरा असतो: ज्याच्या घरी कार्य आहे तो नोतरा देतो, येणारा प्रत्येक जण आपापल्या ऐपतीने रक्कम देतो आणि ती वहीत नोंदली जाते. पुढे त्याच्या घरी कार्य निघालं की ती रक्कम थोडी वाढवून परत. बँक आणि सावकार दोघांनाही टाळून एका घराचं लग्न अख्ख्या फळ्याच्या खांद्यावर उभं राहतं. आपलं नाव त्या वहीत असणं, हा आपला इथला रहिवास.

झाबुआत हलमा आहे. गावाचं किंवा एखाद्या अडलेल्या घराचं काम सगळ्यांनी मिळून, मजुरी न घेता करायचं. हाथीपावाच्या टेकडीवर हजारो भिल्ल बाया-बापे कुदळ-फावडी घेऊन पाणी अडवायला चर खणतात, तेही उन्हाळा तापायला लागतो त्या सुमारास. त्या कामामागच्या शिवगंगा संस्थेच्या महेश शर्मांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. आमच्याकडे इतकं मोठं काही नाही, पण बांध फुटला किंवा छप्पर उडालं की हाक मारल्यावर लोक येतात. हाक मारणाऱ्याने आधी दुसऱ्याच्या हाकेला गेलेलं असावं लागतं.

७. गुरांची तहान त्यांच्या वेळेने भागवावी

निमाडी बैल तांबडा, अंगावर पांढरे ठिपके, माळवी पांढरट-करडा. दोन्ही काटक. काटक आहेत म्हणून दुपारी जुंपायचे नाहीत. पहाटेपासून साडेनवापर्यंत वखर, मग थेट संध्याकाळी. पाणी तीनदा, सावलीतल्या हौदातलं. मृगाआधी घटसर्प आणि फऱ्या यांच्या लसी टोचून घ्यायच्या. चिखल झाल्यावर डॉक्टर येईपर्यंत उशीर होतो. कडब्याची गंजी आत्ताच शाकारायची. भिजलेला, बुरशी आलेला कडबा पावसाळाभर गुरांचं पोट बिघडवतो.

८. घरातली कामं शेताच्या कामांत धरावीत

बायकांचं काम कोणी लागवडीच्या हिशेबात लिहीत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. श्रावणापर्यंतचं घरचं जेवण याच दिवसांत तयार होतं.

कुरडयांचा गहू मी गंधवानीत भिजवत नाही. माळव्याच्या गार रात्रीचं कौतुक सगळीकडे आहे आणि ते खोटं नाही. धारच्या घराच्या गच्चीवर पहाटे पांघरूण लागतं. घाट उतरला की खडक रात्रभर ऊब सोडत राहतो. गव्हाचा चीक इथे एका रात्रीत जास्त आंबतो आणि कुरडई लालसर, आंबट होते. म्हणून गहू धारला भिजतो, चीक तिथेच शिजतो, कुरडया तिथेच घातल्या जातात. उन्हासाठी मात्र गंधवानी पहिल्या नंबरची. आंबोशी इथे दोन दिवसांत खणखणीत वाळते. कैऱ्या झाडावरून झोडून पाडलेल्या नकोत. आपटलेली कैरी वाळताना काळी पडते.

दुपारच्या उन्हावर इथलं उत्तर राबडी आहे. मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा ताकात शिजवून मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी कांद्याबरोबर प्यायचा. शेतावर जाणाऱ्याने चहावर जाऊ नये, राबडीवर जावं. पानिये पाहुणे आले की: मक्याच्या पिठाचा जाड गोळा पळसाच्या दोन पानांत दाबून शेण्यांच्या निखाऱ्यावर भाजायचा, वर उडदाची डाळ. पानाची शीर पानियावर उमटते आणि त्याचा थोडा वास आत उतरतो.

ज्येष्ठात मोहाची फळं पिकून पडतात. बिया फोडून, गर वाळवून घाण्यावर तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं गोठतं. आपल्या बांधावरचे दोन मोह आपले असले तरी त्यांची फुलं आणि बिया शेजारची घरं वेचतात, हा सासऱ्यांच्या वेळचा शिरस्ता आहे. तो मोडू नये.

 

९. आभाळाला भ्यावं

दुपारी बारा ते चार शेतात जायचं नाही. शेजारचं खरगोन उन्हाळ्यात देशातल्या सगळ्यात तापलेल्या गावांच्या यादीत वरचेवर असतं, आणि आपलं ऊन त्याच जातीचं आहे. चक्कर आली, घाम थांबला, बोलणं अडखळलं, तर सावली, ओला कपडा आणि लगेच दवाखाना.

वळवाचे ढग आले की झाडाखाली थांबायचं नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने दामिनी नावाचं मोबाइल ॲप केलं आहे, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं. ते प्रत्येक मजुराच्या फोनमध्ये भाच्यानेच टाकून द्यावं, हे त्याच्या हातचं काम.

पहिल्या पावसानंतर बिळांत पाणी शिरतं आणि साप घराकडे येतात. जमिनीवर झोपायचं नाही, खाटेवर मच्छरदाणी लावून झोपायचं. मण्यार रात्री चावते आणि पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता गाडी काढायची.

१०. पहिल्या पावसाला पेरू नये

हा सगळ्यात अवघड धडा, कारण यात हात आवरायचा असतो.

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत जातो आणि इकडे नौतपा सुरू होतो. हे नऊ दिवस जितके तापतील तितका पाऊस चांगला, असं लोक मानतात. मधे एखादा वळीव पडला तर काका नाराज होतात, "भाभी, तापू दे अजून." मग ७-८ जूनला मृग. एखाद्या संध्याकाळी धो धो पाऊस येतो, मातीचा वास सुटतो, रात्रभर बेडूक ओरडतात आणि सकाळी शिवारात ट्रॅक्टरचे आवाज सुरू होतात. घरात प्रत्येक जण दाराकडे बघतो. त्या सकाळी घरी बसायला हिंमत लागते.

पण बहुतेक वेळा तो पाऊस वळवाचा असतो. जमीन महिनोन्‌महिने तापलेली, वरची चार बोटं भिजतात आणि खाली धग तशीच असते. दाणा फुगतो, अंकुर खाली जातो, त्याला गरम कोरडी माती लागते. पुढे आठ-दहा दिवस उघडीप पडली की सगळं मोड आलेलं बी जमिनीत मरतं. मग दुबार पेरणी: पुन्हा बियाणं, पुन्हा ट्रॅक्टर, पुन्हा उधारी. लहान शेतकऱ्याचं वर्ष इथेच बुडतं. त्यात कीड नसते, भाव पडलेला नसतो, फक्त घाई असते.

म्हणून अंगणात, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब, सरळ बाजूंचा एक डबा ठेवावा. प्रत्येक पावसानंतर आतलं पाणी पट्टीने मोजायचं, वहीत लिहायचं, डबा रिकामा करायचा. बेरीज १०० मिलिमीटर, म्हणजे दहा सेंटीमीटर झाल्यावरच सोयाबीनचं बोलायचं; सोयाबीन संशोधन संस्थाही हेच सांगते. आणि डब्यावरही पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. शेतात तीन ठिकाणी, वरच्या टोकाला, मधे आणि खाली, खुरप्याने वीतभर खणायचं. तळची माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, आणि तो अंगठ्याने दाबल्यावर फुटला पाहिजे. फुटला नाही, बोटांना चिकटला, तर ओल जास्त आहे, वाफशाला थांबायचं. वळलाच नाही तर अजून पाऊस हवा.

ओल आली की क्रम असा. वरचा मुरमाड तुकडा आधी वाफशावर येतो, तिथे मका आणि उडीद. मग मधल्या पट्ट्यात सोयाबीन, चार-सहा ओळींनंतर तुरीची एक ओळ, आणि पाणी निघून जायला मधे सऱ्या. कपाशी विहिरीजवळ, म्हणजे उघडीप पडलीच तर चार रोपांना पाणी देता येतं. खालची काळी जमीन सगळ्यात शेवटी. ती ओल धरते, तिथे घाईने ट्रॅक्टर घातला तर चाकाखाली माती दाबून वर्षभर दगड होते. बाकी शिवाराची पेरणी उरकली तरी ती आठवडाभर तशीच सोडायची, आणि कोणी विचारलं, "एवढा तुकडा पडीक का टाकला?" तर सांगायचं, बैल आत घातल्यावर खूर रुतेनासा झाला की पेरणार आहोत.